डिसेबिलिटी पेन्शन नाकारली गेली? फौजीच्या घरच्यांनी अपील कसं करायचं

आमचे हे २०१८ साली हवालदार म्हणून २४ वर्षांची नोकरी पुरी करून घरी आले. कमरेची गादी सरकलेली. फौजेच्या कागदावर त्याला पीआयव्हीडी म्हणतात. घरी येण्याआधी जो रिलीज मेडिकल बोर्ड होतो, त्यात २० टक्के अपंगत्व आणि तेही आयुष्यभरासाठी, असं लिहिलं होतं. आम्हाला वाटलं, आता डिसेबिलिटी पेन्शन आपोआप लागेल. २०१९च्या मे महिन्यात रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानाचे कागद सांभाळणाऱ्या फौजेच्या कार्यालयाचं पत्र आलं: दावा नामंजूर. ह्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि काळ्या पेटीत ठेवून दिलं. "जाऊ दे. नोकरीची पेन्शन चालू आहे ना," एवढंच बोलले.

पत्र पाच महिने पेटीत राहिलं. भाऊबिजेला माझा भाऊ आला, त्याने ते सहज उघडून शेवटपर्यंत वाचलं. खाली एक ओळ होती: समाधान नसल्यास सहा महिन्यांत अपील करता येईल. आमच्या हातात जेमतेम तीन आठवडे उरले होते.

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, कुठेही जा, अशी पत्रं पेटीत ठेवलेली घरं सापडतात. आमच्या जिल्ह्यात तर मिलिटरी अपशिंगे नावाचं गावच आहे, घराघरातला माणूस फौजेत. तरी अपिलाची वाट सांगणारं कोणी सापडत नाही. आम्ही ठेचा खात शिकलो ते इथे क्रमाने लिहिते. सैनिक भाऊंसाठी लिहितेच आहे, पण जास्त करून त्यांच्या घरच्या बायकांसाठी. कागद सांभाळायचं काम शेवटी आपल्याकडेच येतं.

एक आधीच सांगते. "माझ्या नवऱ्याने देशासाठी इतकी वर्षं घातली" हे वाक्य खरं आहे, मनापासूनचं आहे, पण अपिलात त्याने काम होत नाही. नकार कुठल्या तरी एका कारणावर उभा असतो. ते कारण शोधायचं आणि त्यालाच कागदाने उत्तर द्यायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

आधी हिशेब: भांडण कशासाठी आहे

डिसेबिलिटी पेन्शनसाठी साधारण दोन अटी. अपंगत्व किमान २० टक्के हवं, आणि ते लष्करी सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं हवं. पहिल्याला 'ॲट्रिब्युटेबल' म्हणतात, दुसऱ्याला 'ॲग्रव्हेटेड'. दोन्हींपैकी एक पुरतं. नकाराच्या पत्रात बहुतेक वेळा 'नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड' असं असतं, म्हणजे दोन्ही नाही.

रक्कम अशी निघते. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि खाली त्या प्रमाणात. शेवटचा मोजणीचा पगार ४०,००० धरा. १०० टक्क्यांना महिना १२,००० होतात, २० टक्क्यांना २,४००. पण इथे 'ब्रॉड बँडिंग' नावाची गोष्ट आहे: २० टक्के आणि त्याहून जास्त, पण ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ मधलं ७५, आणि त्यावरचं १००. म्हणजे आमच्यासारख्या २० टक्केवाल्याला ५० टक्क्यांच्या हिशेबाने ६,००० आणि त्यावर महागाई भत्ता. पूर्वी हा फायदा आजारपणामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांनाच देत असत. नोकरी पुरी करून आलेल्यांनाही तो द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार खटल्यात पक्कं केलं.

अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली असेल तर नोकरी पुरी करून आलेल्याला ब्रॉड बँडिंग लागत नाही. तिथे आधी टक्केवारीशीच भांडावं लागतं, त्याबद्दल पुढे सांगते.

१. पत्रातलं कारणाचं वाक्य शोधा

पत्र हातात घ्या. पाकीटही ठेवा, फेकू नका. त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून पत्र तुम्हाला कधी मिळालं ते सिद्ध होतं, आणि मुदत तिथून मोजतात.

मग कारण शोधा. आम्ही आजूबाजूच्या घरांतली पत्रं पाहिली, तर तीच चार-पाच कारणं फिरून फिरून येत होती.

'आजाराची सुरुवात पीस एरियात झाली.' आमचं हेच होतं. याचा अर्थ असा लावतात की माणूस सियाचीनला किंवा सीमेवर नव्हता, छावणीत होता, म्हणून सेवेचा संबंध नाही. हे कारण सगळ्यात कच्चं आहे. पीस स्टेशनलाही पीटी, परेड, रायफल घेऊन धावणं, रात्रीच्या गार्ड ड्युट्या असतात. लष्करी सेवेचा ताण तिथेही असतोच, असं फौजेच्या केसेस ऐकणाऱ्या ट्रिब्युनलने कितीतरी निकालांत लिहिलं आहे. शिवाय आजाराचं निदान पीसमध्ये झालं म्हणजे आजार तिथेच सुरू झाला असं होत नाही. फील्डमध्ये, म्हणजे सीमेकडच्या पोस्टिंगवर, माणूस दुखण्याची गोळी खाऊन दिवस काढतो आणि मोठ्या हॉस्पिटलात तपासणी होते ती पीसला आल्यावर.

'कॉन्स्टिट्यूशनल' किंवा 'आनुवंशिक'. म्हणजे शरीराच्या ठेवणीतूनच आलेलं. इथे विचारायचं: भरतीच्या वेळी डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, तेव्हा याची नोंद होती का? नसेल तर बोर्डाने हे कशावरून ठरवलं? नुसता शेरा पुरत नाही, कारण द्यावं लागतं.

'लाइफस्टाइल.' रक्तदाब आणि साखर असलेल्यांना हे लिहून येतं. दरवर्षीच्या मेडिकलमधली वजनाची नोंद काढा. वजन प्रमाणात असेल तर तोच तुमचा पुरावा.

'रजेवर असताना झालेली दुखापत.' इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. रजेवर जाता-येतानाच्या प्रवासात झालेला अपघात सेवेशी जोडला गेल्याचे निकाल आहेत. पण गावी स्वतःच्या शेतात मळणी यंत्रात हात गेला, तर सेवेचा त्याच्याशी काय संबंध, हे विचारलं जातं आणि उत्तर देणं अवघड असतं.

पाचवं, टक्केवारी २० च्या खाली. मग मागणी वेगळी करायची: नव्याने तपासणी करण्यासाठी मेडिकल बोर्ड बसवा. आकडा किती, हा डॉक्टरांचा प्रश्न आहे आणि न्यायाधीश तो सहसा स्वतः बदलत नाहीत. मात्र आजारपणामुळे नोकरीतूनच मध्ये काढलं असेल तर गोष्ट वेगळी. ज्याला नोकरीला नालायक ठरवून घरी पाठवलं त्याचं अपंगत्व २० टक्क्यांहून जास्तच धरायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुखविंदर सिंग खटल्यात म्हटलं आहे.

एक फसवी जागा सांगते. बोर्डाच्या कागदावर आधी '२० टक्के' असतं आणि शेजारच्या रकान्यात पेन्शनसाठीची टक्केवारी 'निल'. कितीतरी जणांना वाटतं की आपलं अपंगत्वच शून्य ठरवलं. तसं नसतं. अपंगत्व २० टक्केच आहे. सेवेशी संबंध मान्य न केल्यामुळे पेन्शनच्या रकान्यात शून्य पडलं आहे. आम्हीही त्या 'निल'कडे बघून गप्प बसलो होतो.

२. तुम्हाला कुठल्या सालचे नियम लागू आहेत

हे नोकरी सुटल्याच्या तारखेवरून ठरतं. १ जानेवारी २००८ च्या आधी सुटलेल्यांना १९८२ चे नियम, त्यानंतरच्यांना २००८ चे, आणि २१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटलेल्यांना नवे २०२३ चे. नव्या नियमांत नावंही बदलली आहेत, 'इम्पेअरमेंट रिलीफ' असा शब्द आला आहे. तुम्ही २०२३ नंतर आला असाल तर शेजारच्या जुन्या पेन्शनरचं अपील उतरवून काढू नका, त्याचा आधारच वेगळा आहे.

१९८२ च्या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल आहे. सिग्नल्समधला हा जवान, फिट येतात म्हणून २० टक्के अपंगत्व लावून १९९४ मध्ये घरी पाठवलेला. न्यायालयाने सांगितलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो माणूस धडधाकट होता असं धरायचं, नंतर तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं धरायचं, तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, आणि संशयाचा फायदा जवानाला. एप्रिल २०२५ मध्ये बिजेंदर सिंग खटल्यातही न्यायालयाने जवानाच्या बाजूने निकाल दिला. अपिलात ही दोन नावं जरूर घाला.

२००८ चे नियम थोडे कडक आहेत. तरी पुरावा द्यायची जबाबदारी सहसा जवानावर टाकायची नाही, हे त्यांतही आहे. पण त्यात एक अट आहे, ती ध्यानात ठेवा: नोकरी सुटून १५ वर्षं झाल्यावर दावा केला आणि तोवर सेवेचे कागद मुदत संपून नष्ट झाले असतील, तर पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. म्हणून 'बघू पुढे' म्हणू नका.

मानसिक आजाराच्या बाबतीत सगळेच निकाल जवानाच्या बाजूचे नाहीत. २०१९ मध्ये नरसिंग यादव खटल्यात स्किझोफ्रेनियासाठीची मागणी फेटाळली गेली. अशा केसमध्ये आजार सुरू झाला तेव्हा पोस्टिंग कुठे होतं, काय घडलं होतं, याचा तपशील फार बारकाईने द्यावा लागतो.

३. कागद गोळा करा

हे घरात शोधा:

- डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश
- नकाराचं पत्र, पाकिटासह
- रिलीज किंवा इन्व्हॅलिडिंग (आजारपणामुळे मध्येच घरी पाठवताना होणाऱ्या) मेडिकल बोर्डाचा पूर्ण कागद, म्हणजे एएफएमएसएफ-१६. सगळी पानं हवीत. मत आणि कारणं शेवटच्या पानांवर असतात
- मध्ये कॅटेगरी लागली असेल, म्हणजे तब्येतीमुळे मेडिकल दर्जा खाली आणला असेल, तर त्या-त्या वेळचे बोर्ड, एएफएमएसएफ-१५
- मिलिटरी हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, एक्स-रे, एमआरआयचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या
- दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचा निष्कर्ष
- आधार, पासबुक, माजी सैनिक ओळखपत्र

जे घरात नाही ते रेकॉर्ड ऑफिसकडे मागायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला. साध्या पत्राने मिळालं तर ठीक. नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. त्यात तीन गोष्टी नावानिशी मागा: भरतीच्या वेळच्या मेडिकलची प्रत, पोस्टिंगचा पूर्ण तपशील तारखांसह, आणि मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही. हृदयविकार असेल तर झटका येण्याआधीच्या १४ दिवसांत काय ड्युटी दिली होती तो तपशीलही मागा. असा तपशील ठेवायची पद्धत आहे आणि त्यावर पुष्कळ काही ठरतं.

माहिती अधिकारात आमची एक फेरी फुकट गेली. तहसीलला चालतो म्हणून आम्ही दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. तो राज्य सरकारच्या कार्यालयांना चालतो, केंद्राला चालत नाही. रेकॉर्ड ऑफिस केंद्राचं. तिथे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा, नाही तर केंद्राच्या माहिती अधिकार संकेतस्थळावर ऑनलाइन पैसे भरा. उत्तराला ३० दिवस असतात. आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत माहिती अधिकाराचंच पहिलं अपील.

पण कागदांची वाट बघत पेन्शनच्या अपिलाची मुदत घालवू नका. 'माहिती मागवली आहे, मिळताच जोडतो' असं लिहून अपील मुदतीत टाका.

४. तारखांचा एक तक्ता करा

मला विचाराल तर आमची केस या एका पानामुळे उभी राहिली. वहीचं पान घेतलं, चार रकाने आखले: कधीपासून कधीपर्यंत, कुठे पोस्टिंग, काम काय होतं, तब्येतीची नोंद काय. ह्यांना शेजारी बसवलं आणि एकेक वर्ष विचारत गेले. त्यांना पहिल्यांदा काही आठवेना. मग मी पोरांच्या शाळेवरून, गावच्या यात्रेवरून, दिराच्या लग्नावरून तारखा लावल्या. ह्या वर्षी तुम्ही रजेवर आला नव्हता, मग तेव्हा कुठे होता?

२०११ ते २०१३ उंचावरची पोस्ट. पाठीवर रसद चढवायची, बर्फ फोडायचा. २०१४ मध्ये पीस स्टेशनला गादी सरकल्याचं निदान. बोर्डाने फक्त २०१४ बघितलं होतं. आणि जुन्या कागदांत २०१३ ची एक एमआय रूमची, म्हणजे युनिटच्या दवाखान्याची चिठ्ठी सापडली: कंबरदुखी, तीन दिवस आराम. हाताएवढा कागद, अर्धा फाटलेला. 'आजार पीस एरियात सुरू झाला' याला त्या चिठ्ठीने उत्तर दिलं. म्हणून सांगते, औषधाची मळकी चिठ्ठीसुद्धा टाकू नका. झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत प्लास्टिकमध्ये घाला.

५. पहिलं अपील लिहा

हे 'ॲपेलेट कमिटी ऑन फर्स्ट अपील्स'कडे जातं. पाठवायचं मात्र आपल्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत, पत्रात जो पत्ता दिला असेल त्यावर. मुदत पत्र मिळाल्यापासून सहा महिने. उशीर झाला असेल तरी पाठवा, उशिराचं खरं कारण लिहून माफीची विनंती करा.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत. लांबण नको, तीन-चार पानं पुरतात. आमच्या अर्जाची मांडणी अशी होती:

पहिल्या परिच्छेदात नंबर, रँक, नाव, भरतीची आणि सुटल्याची तारीख, नकाराच्या पत्राचा क्रमांक आणि ते मिळाल्याची तारीख.

दुसऱ्यात भरती: 'भरतीच्या वेळी माझी संपूर्ण वैद्यकीय तपासणी झाली, मला तंदुरुस्त ठरवण्यात आलं आणि या आजाराची कोणतीही नोंद नव्हती.'

तिसऱ्यात सेवा: तक्त्यातल्या तारखा, विशेषतः फील्ड आणि उंचावरच्या पोस्टिंगच्या.

चौथ्यात आजार: पहिली तक्रार कधी, निदान कधी, कुठल्या हॉस्पिटलात, कॅटेगरी कधी लागली. प्रत्येक वाक्यापुढे जोडपत्राचा क्रमांक.

पाचवा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा. बोर्डाचं कारण शब्दशः उतरवायचं आणि त्यालाच उत्तर द्यायचं. 'बोर्डाने म्हटलं आहे की आजार पीस एरियात सुरू झाला. जोडपत्र ४ वरून दिसेल की पहिली तक्रार २०१३ मध्ये फील्डमध्ये असताना नोंदली गेली. सेवेशी संबंध का नाही, याचं कोणतंही वैद्यकीय कारण बोर्डाने दिलेलं नाही.'

शेवटी मागणी. इथे लोक चुकतात. 'पेन्शन मिळावी' एवढंच लिहितात. तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: अपंगत्व सेवेमुळे झालेलं किंवा वाढलेलं आहे असं मानावं; सुटल्याच्या तारखेपासून डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग द्यावा; आणि तो ब्रॉड बँडिंग करून २० ऐवजी ५० टक्क्यांनी द्यावा. ब्रॉड बँडिंग मागितलं नाही तर पुढे त्यासाठी वेगळं भांडावं लागू शकतं.

सही जवानाची स्वतःची. जवान हयात नसेल तर पत्नीला थकबाकीसाठी दावा पुढे चालवता येतो. पाठवताना स्पीड पोस्टने, पोच मागून. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच मिसळलं आहे. पावती अपिलाच्या प्रतीवरच चिकटवून ठेवा.

६. दुसरं अपील

पहिलं फेटाळलं तर घाबरू नका, आमचंही फेटाळलं. उत्तरात जुनंच कारण पुन्हा लिहून आलं होतं. दुसरं अपील 'सेकंड अपील कमिटी ऑन पेन्शन'कडे, पुन्हा सहा महिन्यांच्या आत. त्यात नवीन सापडलेला कागद आणि पहिल्या निर्णयाने तुमच्या कुठल्या मुद्द्याला उत्तरच दिलं नाही ते लिहायचं. बाकी मजकूर तोच.

इथे वर्षानुवर्षं उत्तराची वाट बघू नका. सहा महिने उत्तर आलं नाही तर पुढच्या दाराशी जाता येतं.

७. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल

२००७ च्या कायद्याने हे ट्रिब्युनल झालं आणि २००९ मध्ये काम सुरू झालं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबईचं खंडपीठ आहे. तिथे जो अर्ज करतात त्याला ओए म्हणतात. शेवटच्या निर्णयापासून सहा महिन्यांत तो करायचा. उशीर झाला तर कारण देऊन वेगळा अर्ज जोडायचा.

ज्यांची केस वीस-तीस वर्षं जुनी आहे त्यांनीही आशा सोडू नये. पेन्शन दर महिन्याला देय असते, म्हणून ती नाकारणं हा चालू राहणारा अन्याय मानतात. मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार अशा उशिराच्या दाव्यात थकबाकी साधारण अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. जेवढा उशीर तेवढी मागची रक्कम जाते. आमच्या ओळखीच्या एका मावशींच्या घरी सव्वीस वर्षांनी पेन्शन सुरू झाली, मागची तेवीस वर्षं गेली.

खंडपीठात दोन सदस्य असतात, एक न्यायाधीश राहिलेले आणि एक सैन्यातले मोठे अधिकारी राहिलेले. स्वतः उभं राहून मांडता येतं, पण मी वकील घ्या म्हणेन, आणि तोही लष्करी केसेस चालवणारा. तालुक्याचा वकील कितीही चांगला असला तरी त्याला एएफएमएसएफ-१६ वाचायची सवय नसते. प्रत्येक तारखेला मुंबईला जावं लागत नाही, वकील जातो.

पैशांबद्दल सांगते. गावोगाव एजंट फिरतात. 'मी करून देतो, थकबाकीचे अर्धे माझे.' कोऱ्या वकालतनाम्यावर, कोऱ्या चेकवर सही करू नका. स्पर्शचा, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या संकेतस्थळाचा पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही सांगू नका. वकिलाची फी किती, कधी द्यायची, ते कागदावर लिहून घ्या. परवडत नसेल तर मोफत वकील मागा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना तो मिळण्याची तरतूद आहे. २६ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची 'वीर परिवार सहायता योजना' सुरू झाली आहे, तिच्यात जिल्हा सैनिक कार्यालयांत कायदेशीर मदतीची केंद्रं काढायचं ठरलं आहे. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. जाताना कागदांची फाइल लावून न्या, नुसतं तोंडी सांगू नका.

८. निकाल आपल्या बाजूने लागला, मग?

आमचा निकाल २०२४ मध्ये लागला. २० टक्के सेवेमुळे वाढलेलं धरलं, ब्रॉड बँडिंगने ५० केलं, आणि चार महिन्यांत अंमलबजावणी करा असं सांगितलं. मला वाटलं, झालं. पण आदेश झाला म्हणजे पैसे खात्यात आले असं नसतं.

आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि अर्जासोबत रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. तिथून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात, पीसीडीएला जातं आणि सुधारित पीपीओ निघतो. दिलेली मुदत उलटली तर वकिलामार्फत ट्रिब्युनलमध्येच अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. सरकार वरच्या कोर्टात जाऊ शकतं, तशी नोटीस आली तर वकिलाला त्याच दिवशी कळवा.

सुधारित पीपीओ स्पर्शवर दिसला की तीन आकडे तपासा. टक्केवारी ५० आहे का, की २० च लावली? सुरुवातीची तारीख आदेशातलीच आहे का? आणि 'फॉर लाइफ' लिहिलं आहे का, की दोन वर्षांसाठी? आमच्या पहिल्या सुधारित पीपीओत टक्केवारी २० च होती. पुन्हा पत्र, पुन्हा पोच, आणखी तीन महिने.

अजून नोकरीत असलेल्यांसाठी

नोकरी संपत आलेल्या भाऊंनी हे आत्ताच करावं. दुखापत झाली की इंज्युरी रिपोर्ट भरला गेला का ते त्याच आठवड्यात बघा, प्रत मागा. एमआय रूमला जायला लाजू नका. गोळी मित्राकडून घेतली तर नोंद राहत नाही. रिलीज मेडिकल बोर्डाच्या वेळी स्वतःचं निवेदन भरायचा भाग असतो. तिथे 'आणखी काही सांगायचं आहे का' या प्रश्नापुढे सगळे घाईत 'निल' लिहितात, कारण डोक्यात घरची गाडी असते. तिथे लिहा: कुठल्या पोस्टवर, कुठलं काम करताना, केव्हापासून त्रास. चार ओळी पुरे. आणि बोर्डाच्या पूर्ण कागदाची प्रत हातात आल्याशिवाय गेटच्या बाहेर पडू नका.